समुद्रातली बादली

सोपाना, तू बुडून मेला नाहीस. हे मी सगळ्यात आधी लिहून टाकते, कारण गावात आल्यापासून रोज कुणी ना कुणी दारात येऊन बसतं, डोळ्याला पदर लावतं आणि उठताना तेवढंच बोलून जातं, की एवढा पट्टीचा पोहणारा आणि पाण्यानंच नेला. अरे, बुडायला माणसाच्या आत पाणी तरी जावं लागतं. तुझ्या आत एक घोट गेला नव्हता. तिथल्या डॉक्टरांनी मला समोर बसवून हे सांगितलं, आणि मी ते त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतलं.

गावाला काय सांगायचं ते सांगता येईल. प्रश्न आईचा होता. अंदमानाहून तुझ्या अस्थी पांढऱ्या फडक्यात बांधून आणल्या. बोटीत, आगगाडीत, एस.टी.त मांडीवर धरून आणल्या. घरात नेत नाहीत म्हणून दारातल्या बाभळीला टांगल्या आणि म्हटलं, दोन घोट चहा पिऊन पैठणला निघू, गोदावरीच्या डोहात अजून पाणी आहे म्हणतात. तर आई बाभळीखाली जाऊन बसली. "ज्या पान्यानं खाल्लं त्याच्याच तोंडात परत घालू व्हय गं त्याला?" म्हणाली. त्यानंतर तिनं त्या गाठोड्याला कुणाला हात लावू दिला नाही. माझी परतीची बोट जवळ येत चालली, तुझे दाजी तिकडे एकटे, आणि माझा भाऊ झाडाला टांगलेला. काल दुपारी शेवटी मी तिला सगळं सांगितलं. त्याआधी तुझ्याशी बोलायला हवं होतं, पण तू नाहीस, म्हणून आता लिहिते आहे.

तू लहान असताना मी सासरी गेले. त्यामुळे माझ्या आठवणीतला तू म्हणजे सणाला मला माहेरी न्यायला मुराळी म्हणून येणारा, आणि मी माहेरी आले की विहिरीवर दिसणारा. कुणाची बादली दोरातून सुटून तळाला गेली, गळ टाकून टाकून हात दुखले, की बाया म्हणायच्या, सोपानाला हाक मारा. एकदा कुणाच्या तरी नव्या सुनेचं डोरलं पडलं होतं, तेसुद्धा तू चिखलातून वेचून आणलंस आणि ती पोर तुझ्या पायाच पडली. लाजून पळालास तू. पाण्यातून वर यायची तुझी एक रीत होती. आधी हात बाहेर यायचा, हातात वस्तू, मग डोकं, आणि मग सगळ्या मळ्यात ऐकू जाईल अशी आरोळी. "गावली!" बादली असो की कळशी, तुला मुलगा झाल्याचा आनंद व्हायचा.

तू मला एकदा त्यातलं गुपित सांगितलं होतंस. खाली उजेड नसतो, म्हणालास, डोळं उघडून उपयोग न्हाई. हातानं चाचपायचं, पायानं हुडकायचं, आणि वस्तू हाताला लागली की मग दुसरा विचार करायचा न्हाई. तळाला लाथ मारायची आणि दम धरून सरळ वर. "त्या वक्ताला आंगच सगळं करतं, आक्का. मला काय करावं लागत न्हाई." मी तेव्हा हसले होते. आता तेच वाक्य डोक्यात घण घालतं.

माणूस काढायचास तेव्हा मात्र ओरडायचा नाहीस. आपल्या पंचक्रोशीत विहिरीत पडलेल्या बाया तूच वर आणल्यास. त्या दिवशी तू कुणाशी न बोलता घरी यायचास, आई दारातच तुझ्या अंगावर पाणी ओतायची, भाकरतुकडा ओवाळून लांब फेकायची. विहिरीच्या काठचे शेंदूर लावलेले सात दगड, त्या साती आसरा, पाण्यात राहणाऱ्या बाया, त्यांचा आईला फार धाक. "त्यांच्या घरातलं मानूस उचलून आनतो तू. येक दिस तुलाच ठिवून घेत्याल," असं ती म्हणायची आणि तू तिच्याच पदराला तोंड पुसायचास.

मग पाऊस गेला तो गेलाच. सगळ्या विहिरी एकामागून एक कोरड्या पडल्या. तू दुष्काळी कामावर खडी फोडायला लागलास. तुझं लग्न ठरत आलं होतं ते मुलीकडच्यांनी आणि आपण मिळून पुढं ढकललं, कारण पंगतीला पाणी कुठून आणायचं? तेव्हा मी तुला बोलावून घेतलं. तुझे दाजी बंदराच्या कामावर मेकॅनिक, बेटावर सरकारी घर, दारात नारळ, म्हटलं येऊ दे पोराला, चार दिवस बरं खाईल. इकडे लोकांनी तुला काय काय ऐकवलं ते तू मला हसत सांगितलंस. "गाव खडी फोडतंय अन् ह्यो पवायला चालला!" आईनं मात्र लगेच हो म्हटलं. "जा बाबा, तिथं लई पानी हाय म्हनत्यात. आंग भिजवून ये," असं म्हणून तिनं तुला दौंडला आगगाडीत बसवून दिलं.

आल्या आल्या तू मला विहिरीचं सांगितलंस. गाळ काढायला तू आणि गडी तळाला चालत उतरलात. जो तळ आजवर फक्त तुझ्या हातापायांना माहीत होता तो सगळं गाव काठावर उभं राहून बघत होतं. "वडीलधाऱ्याला उघडं बघितल्यावानी झालं, आक्का. मला मान वर करवंना." एवढं बोलून तू जेवायचं ताट सरकवलंस. त्या दिवशी मला कळलं की तुला काय झालंय. तुला अन्न कमी पडत नव्हतं रे, तुला पाणी हवं होतं.

आणि तिथं पाणीच पाणी. बोटीवर तू कठडा सोडला नव्हतास म्हणे. पहिल्याच दिवशी ओंजळभर तोंडात घेऊन थुंकलास. "एवढं पानी, अन् एक तांब्या कामाचा न्हाई!" आपलं भांडण झालं ते मात्र गोड्या पाण्यावरून. मी भांडी घासताना नळ सोडून ठेवला की तू येऊन बंद करायचास. रात्रंदिवस पाऊस पडायचा तिकडे, आणि तू पागोळ्यांखाली माझी पातेली, परात, बादल्या, चहाचे पेलेसुद्धा मांडून ठेवायचास. भरली की परत ओतवायची नाहीत तुला. एकदा मी चिडून सगळं पाणी अंगणात ओतून दिलं. "तिकडं आई करवंटीनं झऱ्याचं पानी भरती. तुला इसर पडला, आक्का," म्हणालास. मी म्हटलं, मग काय पाऊस वाहून नेऊ का तिच्यासाठी? तू उठून बाहेर गेलास. ते भांडण तिथंच राहिलं. खरं सांगू, मला विसर नव्हता पडला. दुष्काळाच्या बातम्या आल्या की माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. पण नळ उघडला की पाणी येतं, हे सुख मला कुणाची परवानगी न मागता भोगायचं होतं. हे मी तुला सांगणार होते. पुढच्या एखाद्या रविवारी सांगितलंही असतं.

सेल्वम तुझ्या दाजींच्या कामावरचा पाणबुड्या. बोटींच्या तळाचं काम करायला पाठीवर हवेचं नळकांडं बांधून उतरतो. तुझ्या विहिरींच्या गोष्टी दाजींनी त्याला सांगितल्या तेव्हा तो खूश झाला. त्यानं आधी तुला नुसता काचेचा चष्मा दिला, डोळ्यांवर आणि नाकावर बसणारा, आणि उथळ पाण्यात तोंड घालून बघ म्हणाला. त्या संध्याकाळी घरी आलास तो बोलेचना. मी विचारलं, काय रे, बरं नाही का? तू म्हणालास, "आक्का, मी आजवर पान्यात आंधळा हुतो."

मग सुटलास. खाली कोबीचे गड्डे आहेत दगडाचे, म्हणालास, हरणाची शिंगं आहेत, शेवंतीचे वाफे आहेत, आणि ते सगळं जिवंत आहे. पिवळे मासे तोंडापाशी येऊन उभे राहतात, शेळीवानी. तू हातांनी दाखवत होतास, डोळे मोठे करत होतास, दाजींच्या ताटातला भात गार झाला. आयुष्यात मी तुला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळसाठी मी देवाचे उपकार मानते. बाकी कशासाठी नाही.

नळकांड्याचा हट्ट त्यानंतरचा. सेल्वमनं तुला किनाऱ्याजवळ कमरेभर पाण्यात बसवून शिकवलं. नियम एकच, तो त्याच्या तोडक्यामोडक्या हिंदीत पुन्हा पुन्हा सांगायचा: साँस कभी मत रोको. नळीतून घ्यायचा, सोडायचा, घ्यायचा, सोडायचा, वर येताना तर बिलकूल रोखायचा नाही. तुला ते कळलं होतं. घरी येऊन तू तो नियम मला जसाच्या तसा म्हणून दाखवलास आणि मग दाजींशी वाद घालत बसलास. "दम धरायचा न्हाई, तर ती बुडी कशाची, दाजी? त्या नळकांड्यावर तर कुनीबी जाईल. तुमीबी जाल." दाजी म्हणाले, वाद नको, सांगितलं तेवढं कर. तू मान डोलावलीस. ती खोटी नव्हती. तुला कुणी बेफिकीर म्हटलं तर मी त्याचं तोंड बंद करीन, आणि सेल्वमला बोल लावला तरी तेच. उथळ पाण्यात तू सगळं बरोबर करत होतास.

त्या रविवारी आपण होडीतून पलीकडच्या लहान बेटापाशी गेलो. मी डबा केला होता, छत्री घेऊन होडीत बसले होते. पाणी असं निवळ की घागर टाकावी आणि तळाला जाईपर्यंत बघत बसावं. तीन-चार परस खोल असेल, म्हणजे आपल्या विहिरीला चांगल्या सालात असायचं तेवढंच. तू आणि सेल्वम पाठीकडून पाण्यात पडलात. मग दोघांचे बुडबुडे शेजारीशेजारी वर येत राहिले. दाजी म्हणाले, बघ तुझा भाऊ गुणी आहे, कसा एका लयीत श्वास घेतोय. मी बुडबुड्यांकडे बघत होते. एक रांग बंद पडली.

खाली काय झालं ते सेल्वमनं नंतर सांगितलं. तू सगळीकडे हात जोडल्यासारखा बघत फिरत होतास, कशाला शिवत नव्हतास. मग तुला ती दिसली. कुठल्यातरी होडीतून पडलेली बादली, गंजलेली, अर्धी वाळूत, कडीला शेवाळ. तू सेल्वमला बोटानं दाखवलीस. त्यानं राहू दे म्हणून हात हलवला. पण तू तोवर कडी धरली होतीस. काचेमागून तू हसत होतास, म्हणतो. मग तू दोन्ही पाय तळाला टेकवलेस आणि लाथ मारलीस. त्यानं तुझा पाय धरायला हात टाकला, त्याला मिळाला नाही.

आधी हात वर आला, हातात बादली. मग डोकं. तू तोंडातली नळी थुंकून टाकलीस आणि ओरडलास, "गावली! आक्का, बादली गावली!"

सगळ्या समुद्रात तुला सापडलं काय, तर बादली. ते कोबीचे गड्डे, ती शिंगं, ते पिवळे मासे, सगळं टाकून तू बादली घेऊन वर आलास. आणि मी हसले, सोपाना. मी टाळी वाजवली. मग तुझ्या ओठांवर तांबडा फेस आला, तुझा हात होडीच्या कडेवरून घसरला आणि दाजींनी तुला काखेत धरून वर ओढलं तेव्हा तू मला ओळखत नव्हतास. किनारा येण्याआधी सगळं संपलं होतं. सेल्वम वाळूवर डोकं आपटत होता, "मैंने बोला था दीदी, मैंने बोला था." ती बादली होडीत माझ्या पायाशी पडून होती. मी ती परत समुद्रात फेकून दिली. तुला आवडलं नसतं ते.

डॉक्टरांनी समजावलं. खोलावर नळकांड्यातून घेतलेली हवा दाबलेली असते. वर येताना ती फुगत जाते, तोंड उघडं असलं तर बाहेर पडते. तू तोंड मिटून, छाती भरून आलास. विहिरीत चालतं, कारण तिथं वरून नेलेलाच दम तू वर आणायचास. इथं छाती आतून फाटली. लाथ मारण्याआधी तू एवढंसं कुणाशी भांडला असतास, तुला कुणी चिमटा काढला असता, एखादा मासा चावला असता, तरी तुला नियम आठवला असता. पण हातात बादली आली, आणि तू म्हणायचास तसं, अंगानंच सगळं केलं.

हे सगळं मी आईला कसं सांगणार होते? पण तिला वाटत होतं आसरांनी सूड घेतला, पाण्यानं दावा साधला, आणि त्या पायी ती तुला मोकळा करत नव्हती. म्हणून काल दुपारी ती बाभळीखाली रेशनची मिलो, ती परदेशी तांबडी ज्वारी, निवडत बसली होती, तिथं मी जाऊन बसले.

"आई, त्यो बुडला न्हाई," मी म्हटलं. गावात आले की माझीही जीभ वळते.

"पान्यात मेला अन् बुडला न्हाई?"

"पानी आत गेलंच न्हाई त्याच्या. वारा फुगला. खालनं छातीत वारा भरून घेतला, तोंड मिटून वर आला, अन् त्यो वारा आत फुगला."

तिचा हात सुपात थांबला. "बैलाचं प्वाट फुगतं, तसं?"

"व्हय, तसंच."

"बैलाला दाभन घालून वारा काढत्यात."

"तिथं कुनाला काय करायला सवडच न्हाई गावली, आई."

ती पुन्हा निवडायला लागली. मला वाटलं, तिला पटलं. मनातून हलकंसुद्धा वाटलं मला, लाज वाटते सांगायला. मग तिनं विचारलं, "तोंड उघडलं असतं तर?"

"तर काय झालं नसतं. वारा निगून गेला असता."

"नुसतं तोंड उघडलं असतं तर?"

"व्हय."

सूप तिनं बाजूला ठेवलं. "तू सासरी हुतीस तवा," ती म्हणाली, "तुझा बाप ऊस तोडायला शिरीगोंद्याकडं. ह्यो रोज चोरून हिरीवर पळायचा. म्हनलं मरंल कवातरी. माझं म्हायेर नदीकाठचं, मला पवायला येत हुतं. लुगडं खोचून मीच उतरले त्याला घिऊन. पान्याखाली गेला की भ्याचा, तोंड उघडायचा. मी त्याचं डोस्कं दाबून धरायची. वर आला की इचारायची, दम सोडला का? सोडला म्हनला की मुस्काडात. तोंड मीट. दम धर. वर यीस्तवर सोडू नगं. लई मारलंय गं मी त्याला. पार अंगात भिनंस्तवर मारलंय."

मला हे माहीत नव्हतं, सोपाना. आमचा समज की तू आपला आपणच शिकलास, तूही कधी बोलला नाहीस. मी तिला म्हटलं, आई, त्या शिकवण्यावरच तो इतकी वर्षं जगला, इतक्यांना त्यानं वर काढलं. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. उठली, बाभळीखाली टाचा उंचावून उभी राहिली आणि गाठ सोडून गाठोडं तिनं स्वतः माझ्या हातात दिलं.

"जा घिऊन," म्हणाली. "पान्याचा काय दोस न्हाई."

कालपर्यंत ती पाण्याला शिव्या देत होती, आसरांच्या नावानं बोटं मोडत होती, आणि शिव्या देता देता तिला रडू यायचं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवायचे, मग ती थोडी भाकरी खायची. ते सगळं मी काढून घेतलं.

आज सकाळच्या एस.टी.नं तुला पैठणला नेते आहे. आईला चल म्हटलं तर तिनं नुसती मान हलवली. गाडीला अजून वेळ आहे म्हणून हे लिहीत बसले आहे. ती समोर उंबऱ्यावर बसली आहे, तोंड घट्ट मिटून. मी कालपासून तिला रड म्हणते आहे, ओरड म्हणते आहे, मला मार म्हणते आहे. ती तोंड उघडत नाही.